अडकलेली व्हीएम आणि किल -९

रात्रपाळी:
"व्हीएम (आभासी मशीन) ऐकत नसेल तर पीआयडी (प्रोसेसचा क्रमांक) शोधा, किल -९ (प्रोसेस जागीच मारणारी कमांड) मारा, विषय संपला." कालचा हा सल्ला वाचून राहवलं नाही. आधी विर्श (व्हीएम सांभाळायची कमांड) शटडाउन द्या. गेस्टचं (व्हीएमच्या आतल्या सिस्टिमचं) कर्नलच, म्हणजे गाभाच, गोठलं असेल तर एसीपीआयचा (पॉवर बटण दाबल्यासारखा) इशारा वाया जाईल, मान्य. मग विर्श डिस्ट्रॉय, म्हणजे सक्तीने बंद. तो क्यूईएमयूला (व्हीएम चालवणाऱ्या प्रोसेसला) आधी सिगटर्म (बंद हो, अशी विनंती) पाठवतो, थोडा थांबतो, नाहीच ऐकलं तर सिगकिल (म्हणजेच -९). परस्पर किल कशाला?

मूळ सल्लागार:
शेवटी सिगकिलच ना! क्यूईएमयू मेला तरी होस्टच्या (व्हीएम ज्यावर चालते त्या मशीनच्या) पेज कॅशमध्ये, म्हणजे डिस्कवर जायची वाट बघणाऱ्या मेमरीत, पोचलेलं होस्टचं कर्नल डिस्कवर उतरवतंच. जातं ते गेस्टच्या मेमरीत राहिलेलं, आणि ते तुमच्या डिस्ट्रॉयनेही जातंच.

रात्रपाळी:
अर्धंच सांगताय. क्यूकाऊ२चा (व्हीएमच्या डिस्क-फाइलच्या फॉरमॅटचा) मेटाडेटा क्यूईएमयूच्या स्वतःच्या कॅशमध्येही असतो. सिगटर्मवर तो नीट उतरवून बंद होतो, -९ वर नाही. नंतर क्यूईएमयू-आयएमजी चेक (डिस्क-फाइल तपासणारी कमांड) चालवा, गळालेले क्लस्टर (वापरात नसून अडकलेली जागा) दिसतील.

नवा अॅडमिन:
माझं दुखणं वेगळंच. "डिस्ट्रॉय" हे नाव कुणी ठेवलं? पहिल्या रात्री डेटाबेस अडकला होता आणि डिस्क पुसली जाईल या भीतीने माझा हात एंटरवर जाईना. अर्धा तास गेला.

मूळ सल्लागार:
मॅन्युअल वाचायचं होतं. वायर उपटल्यासारखं आहे, असं तिथे स्पष्ट लिहिलंय.

नवा अॅडमिन:
रात्री दोन वाजता, फोन खणखणत असताना? तुम्ही वाचता? आणि अनडिफाइनला (व्हीएमची नोंद काढणाऱ्या विर्शच्या कमांडला) रिमूव्ह-ऑल-स्टोरेज जोडलं की डिस्क खरंच जाते. म्हणजे निरुपद्रवी वाटणारं नाव घातक, आणि घातक वाटणारं वायर उपटण्यापुरतं!

रात्रपाळी:
नावाबद्दल शंभर टक्के सहमत. फक्त ट्रान्झियंट डोमेन (कायमची नोंद नसलेली व्हीएम) असेल तर डिस्ट्रॉयनंतर त्याची व्याख्याही उरत नाही, तेवढं बघा.

स्टोरेजवाली:
नावावरून भांडत बसलात, खरा धोका कुणी बोललंच नाही. आमचं एनएफएस (नेटवर्कवरचं सामायिक स्टोरेज) लटकलं होतं. क्यूईएमयू डी स्टेटमध्ये (स्टोरेजच्या उत्तराची वाट बघत अडकलेला), -९ मारून ढिम्म. सहकाऱ्याने "मेला असेल" म्हणून तीच व्हीएम दुसऱ्या होस्टवर उठवली. स्टोरेज परत आलं आणि एकाच डिस्कवर दोघं लिहू लागले. फाइलसिस्टिमचा चुराडा झाला, बॅकअपवरून उभं करावं लागलं. तेव्हा आधी पीएसमध्ये (प्रोसेसची यादी दाखवणाऱ्या कमांडमध्ये) स्टेट बघा. डी असेल तर स्टोरेज दुरुस्त करा, नाहीतर तो होस्टच बंद करा.

मूळ सल्लागार:
डी स्टेटचं मी लिहायला हवं होतं. बाकी माझं मत तेच. लिबव्हर्टचा डीमनच (विर्शमागे चालणारी सेवाच) अडकला असेल तर विर्श काय कामाचं?

रात्रपाळी:
तेव्हाच किल, आणि तेही आधी साधा. हेच पहिल्या ओळीत लिहिलं असतंत तर मी कीबोर्डला हात लावला नसता.