मदत हवी आहे: गोदामाच्या किटवर पांढरा थर आलाय
मंडळी, मॉडेल रेल्वेसाठी एचओ म्हणजे १:८७ स्केलचं (खऱ्याच्या ८७ पट लहान) लाकडी लेझर-कट मालगोदाम करतोय, भिंती आतून-बाहेरून दोन्हीकडून रंगवल्या म्हणून वाकल्या नाहीत, फळ्यांना जुनाट राखाडी छटाही मनासारखी जमली होती. मग मॅट वार्निशचा स्प्रे मारला आणि वाळल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये काळी शाई मिसळून वॉश (फटींत उतरणारा पातळ हात) दिला, तर थोड्याच वेळात दाराच्या चौकटीभोवती आणि फळ्यांच्या फटींत पीठ भुरभुरल्यासारखं पांढरं! अल्कोहोल वार्निशला लागल्यानेच झालंय ना, की पावसाळी दमट हवेत स्प्रे मारला म्हणून? परत वार्निश मारलं तर जातं का, कुणी करून बघितलंय? पत्र्याच्या छपराला गंजासाठी पेस्टलची पूड लावायचीय तीपण राहिलीय. दोन महिने रोज रात्री बसून केलंय हो, भिंत घासायला हात धजत नाहीये.