डोंगरातल्या शेतघरासाठी लहान एटीव्ही घ्यावी का?

धागालेखक:
वेल्हे तालुक्यात (आता राजगड तालुका) आमचे दोन खोल्यांचे शेतघर आहे. डांबरी रस्ता वाडीपाशी संपतो आणि पुढे सव्वा किलोमीटर पाणंद चढत जाते. भातखाचराच्या वळणावर जीप वळत नाही, आणि मोठा पाऊस झाला की मोटरसायकलचे मागचे चाक तांबड्या चिखलात जागच्या जागी फिरत राहते. गेल्या श्रावणात भरलेला सिलिंडर, म्हणजे साधारण 30 किलोचे ओझे, खांद्यावरून नेताना माझा पाय घसरला आणि सिलिंडर बांधावरून थेट खाचरात जाऊन रुतला. तेव्हापासून 250 सीसीची, 200 किलोच्या आसपास वजनाची लहान एटीव्ही (चार रुंद चाकांची, मोटरसायकलसारखी हँडल धरून चालवायची उघडी गाडी) घ्यावी असे माझे मत झाले आहे. मोटरसायकलच्या टायरात 25 ते 30 पीएसआय हवा लागते, तर हिच्या रुंद टायरांत जेमतेम 3-4 लागते, त्यामुळे भार पसरतो आणि चाक रुतत नाही. पुढच्या कॅरिअरवर 30 आणि मागच्यावर 60 किलो सामान राहते. आई 74 वर्षांची आहे, तिचे गुडघे गेले आहेत. तिलाही मागे बसवून घरापर्यंत नेता येईल.

प्रतिसाद 1 (विरोधात):
आपली अडचण खरी आहे, पण पाणंद आपल्या मालकीची नाही. मोटार वाहन कायदा, 1988 मध्ये ‘सार्वजनिक ठिकाण’ याचा अर्थ लोकांना जाण्यायेण्याचा हक्क असलेली कोणतीही वाट असा आहे, मग ती डांबरी असो वा कच्ची, आणि कलम 39 प्रमाणे अशा ठिकाणी नोंदणी नसलेले वाहन चालवता येत नाही. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या बहुतेक एटीव्ही रस्त्यासाठी नोंदवल्याच जात नाहीत. नोंदणी नाही म्हणून विमाही नाही. उद्या वळणावर गुरे घेऊन येणाऱ्या एखाद्या मुलाला धक्का लागला, तर त्याच्या घरच्यांना भरपाई कोण देणार, याचे उत्तर गाडी घेण्याआधी आपल्याकडे असायला हवे.

प्रतिसाद 2 (बाजूने):
कायद्याचा मुद्दा मला मान्य आहे, पण त्याच पाणंदीवर दीड-दोन टनांचे ट्रॅक्टर चिखलात चालतात आणि ढोपरभर खोल चाकोऱ्या पाडतात, त्याबद्दल वाडीत कोणी चकार शब्द काढत नाही. खताचे पोते, पंपाची मोटर, आजारी शेळी अशा खेपांसाठी हलके वाहन वाटेला कमीच त्रास देईल. आमच्याकडे आजही माणूस आजारी पडला की चौघे जण डोली करून खाली आणतात, आणि भरपावसात ते चौघेही घसरत असतात.

प्रतिसाद 3 (विरोधात):
मी परदेशात शेतावर पाच वर्षे अशी गाडी चालवली आहे, म्हणून मला आईंच्या मुद्द्यावरच थांबावेसे वाटते. लहान एटीव्ही एकट्या चालकासाठी बनवलेली असते. तिची बैठक लांब दिसते ती दुसऱ्या माणसासाठी नव्हे, तर चालकाला चढावर पुढे, उतारावर मागे आणि वळणावर आतल्या बाजूला सरकता यावे म्हणून. गाडीचा तोल माणूस स्वतःच्या अंगाने सांभाळत असतो. मागे कोणी कंबर धरून बसले की ही हालचाल बंद होते आणि भार मागच्या चाकांच्याही मागे जातो, त्यामुळे उभ्या चढावर पुढची चाके हलकी होऊन गाडी मागे कोलमडू शकते. आडव्या उतारावर तर ती कुशीवर जाते आणि माणूस तिच्याखाली सापडतो. ऑस्ट्रेलियात अशा अपघातांत इतकी माणसे गेली, की 2021 च्या ऑक्टोबरपासून शेतीच्या नव्या क्वाड बाइकवर, म्हणजे अशाच एटीव्हीवर, चालकाच्या पाठीमागे संरक्षक कमान सक्तीची झाली. गुडघे दुखणाऱ्या माणसाला तर पडताना उडी मारून बाजूलाही होता येत नाही. कृपा करून आईंना तिच्यावर बसवू नका.

धागालेखक:
बैठकीमागचे कारण मला ठाऊक नव्हते, आणि वाचून छातीत धस्स झाले. आईला नेण्याचा विचार मी आजच सोडला आहे. सामानासाठी मात्र हलके वाहन हवे या मतावर मी अजूनही आहे, कारण दोन खोल्यांच्या घरासाठी ट्रॅक्टर भाड्याने आणून वाट उखडणे मला पटत नाही.

प्रतिसाद 1:
मग आधी वाटेकडे पाहा. महाराष्ट्रात 2021 मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत व पाणंद रस्ते योजना सुरू झाली. ग्रामपंचायतीकडे अर्ज करून वळणापाशी मोरी आणि वर मुरूम पडला, तर आपल्या आईंसाठी जीप दारापर्यंत जाईल आणि डोलीवाल्या चौघांचेही पाय घसरणार नाहीत. एटीव्हीने फक्त आपले सामान वर चढेल.

धागालेखक:
वळण रुंद करायचे तर खाचराचा कोपरा जातो, आणि तो ज्यांचा आहे त्यांची वर्षाची भाकरी त्या खाचरावर आहे. तरीही येत्या रविवारी मी त्यांच्याकडे जाऊन बसणार आहे. कोपऱ्याच्या बदल्यात आमच्या माळालगतची तेवढीच जमीन देण्याची माझी तयारी आहे.