पाच आठवड्यांची पाच पिल्ले: लस पूर्ण होण्याआधी त्यांना माणसाळवायचे कसे?

नमस्कार. साताऱ्यात आमचे तळमजल्याचे जुने घर आहे. गल्लीतल्या एका गावठी कुत्रीने गौरीपूजनाच्या दिवशी आमच्या मागच्या पडवीत, सरपणाच्या ढिगाआड पाच पिल्ले घातली आणि सुदैवाने पाचही जगली. परवा कोजागरीला त्यांना पाच आठवडे उलटले. एक पिल्लू आम्ही ठेवणार असून उरलेली चार ओळखीच्या घरी द्यायची आहेत. ती माणसांना, वाहनांना आणि आवाजांना बिचकणारी निघू नयेत, यासाठी जाणकारांचा सल्ला हवा आहे.

अमेरिकेत बार हार्बर येथे स्कॉट आणि फुलर यांनी केलेल्या अभ्यासाबद्दल वाचले, त्यानुसार पिल्लाच्या मनात जगाची ओळख पक्की होण्याचा काळ साधारण ३ ते १२ आठवड्यांचा असतो. तिथेच १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात १४ आठवड्यांपर्यंत माणसाचा सहवास न मिळालेली पिल्ले पुढेही माणसाला बुजतच राहिली. लसीचे वेळापत्रक मात्र याच्याशी जुळत नाही. पहिली लस सहाव्या ते आठव्या आठवड्यात द्यायची आणि पुढचे डोस तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सोळाव्या आठवड्यापर्यंत द्यायचे, म्हणजे लसीकरण पूर्ण होईपर्यंत शिकण्याचा काळ निघून गेलेला असतो. आमच्या डॉक्टरांचे म्हणणे, तोवर पिल्लांना उंबऱ्याबाहेर काढूच नका. त्यांची काळजी मला पटते, कारण पार्व्होचा (पिल्लांना उलट्या-जुलाब करून अनेकदा जीव घेणाऱ्या रोगाचा) विषाणू मातीत कित्येक महिने टिकतो आणि गेल्या वर्षी आमच्याच गल्लीत एका कुत्रीची सगळी पिल्ले आठवड्याभरात गेली.

घरात जमेल तेवढे आम्ही करत आहोत. तिसऱ्या आठवड्यापासून प्रत्येकाला रोज थोडा वेळ वेगळे मांडीवर घेतो, पंजे आणि कान हाताळतो. गोणपाट, फरशी, वाळू आणि उलटी ठेवलेली परात अशा निरनिराळ्या पृष्ठभागांवर चालू देतो. कुकरच्या शिट्टीला ती आता मानही वळवत नाहीत. (मिक्सरला मात्र अजून सगळी एकाच वेळी पळतात, आणि ते पाहून आमच्या सासूबाई चटणी वाटायचे थांबतात, जे बहुधा चूक आहे.) अडचण माणसांची आहे. घरात आम्ही तिघेच, त्यातही पुरुष मी एकटा. पिल्लांची आई आमच्याशी प्रेमळ असली तरी हातात काठी किंवा डोक्यावर हेल्मेट असलेल्या पुरुषावर धावून जाते, आणि तिचे पाहून दोन पिल्ले आताच गुरगुरू लागली आहेत. पाहुणे येतील तेव्हा आईला दुसऱ्या खोलीत ठेवावे का? की तिच्याविना पिल्ले अधिकच घाबरतील?

सर्वांत जास्त काळजी पट्टेरी मादीची वाटते. बाकीची चार पायांत घुटमळतात, तर ती ढिगामागे दबून बसते आणि उचलले की लाकडासारखी ताठ होते. तिला रोज उचलून सवय लावावी, की जमिनीवर बसून ती आपणहून येईपर्यंत वाट पाहावी? माझ्या मनाचा कौल दुसऱ्या बाजूला आहे, पण हातात फार आठवडे नाहीत.

त्यातच दिवाळी आली आहे. लक्ष्मीपूजनाला पिल्ले साडेसात आठवड्यांची असतील, आणि आठव्या आठवड्याच्या आसपास बसलेली भीती मनात घट्ट रुतते असे वाचले आहे. फटाक्यांचे ध्वनिमुद्रण अगदी हळू आवाजात, जेवणाच्या वेळी लावायला सुरुवात केली आहे. आवाज किती दिवसांनी आणि किती वाढवावा, हे कोणी अनुभवाने सांगेल का?

दोन कुटुंबे दिवाळीआधीच पिल्ले मागत आहेत. भावंडांत खेळतानाच चावा किती जोरात घ्यायचा हे पिल्लू शिकते, म्हणून आठ आठवड्यांआधी देणार नाही असे मी कळवले आहे, आणि फटाक्यांच्या रात्री नव्या घरात एकटे पिल्लू ही कल्पनाही मला सहन होत नाही. त्याऐवजी त्यांनी येथेच येऊन पिल्लांबरोबर बसावे असे सुचवले असून ते येत्या रविवारी मुलांसह येणार आहेत. चपला फाटकाबाहेर काढून, हातपाय साबणाने धुऊन आत घेतले तर पार्व्होच्या दृष्टीने पुरेसे आहे का? आणि पहिल्या लसीनंतर पिल्लांना टोपलीत घालून, जमिनीला पाय न लावता, राजवाड्यापर्यंत स्कूटरवरून रहदारी दाखवून आणणे कोणी केले आहे का? रविवारच्या आत उत्तर मिळाले तर फार मदत होईल.