स्क्रीनिंगला 'चाळणी' म्हणायचं का? आणि "छातीत दुखतं का" मधलं नेमकं दुखणं कुठलं?

कानामात्रा:
व्यायाम सुरू करण्याआधी तब्येतीचा एक फॉर्म भरून घेतात ना, तो मराठीत करायचं काम अंगावर घेऊन बसलोय. पार-क्यू म्हणतात त्याला, म्हणजे फिजिकल ॲक्टिव्हिटी रेडिनेस क्वेश्चनेअर, एक पान, सात प्रश्न, समोर हो किंवा नाही. वाटलं होतं तासाभराचं काम आहे. आज आठवा दिवस, आणि अजून शीर्षकच ठरत नाहीये. पूर्वतपासणी? पण तपासत तर काहीच नाही, नुसतं विचारतात. चाचणी म्हटलं की लोक पास-नापास बघतात. पात्रता प्रश्नावली हा शब्द एका ठिकाणी छापलेला पाहिला, तो मला सगळ्यात वाईट वाटला, म्हणजे दोन "हो" आले की माणूस अपात्र, मग कोण खरं लिहील?

शीर्षकापेक्षा मोठा घोळ पुढे आहे. कच्चं भाषांतर आईला भरायला दिलं, वय 66. तिने सातही ठिकाणी "नाही" वर टिक करून पाच मिनिटांत कागद परत दिला. म्हटलं अगं जिन्यात मधे थांबतेस, छातीवर हात ठेवतेस, ते काय मग? तर म्हणे, "ते दुखणं नाही, भरून आल्यासारखं होतं, आणि प्रश्न व्यायाम करतानाचा आहे, मी कुठे व्यायाम करते." बीपीची गोळी रोज घेते तरी तिथेही "नाही", का तर गोळीमुळे बीपी आता नॉर्मल आहे. भाषेच्या हिशेबाने तिचं एकही उत्तर चूक नाही हो, चूक माझ्या मराठीची आहे. (डॉक्टरकडे जाऊन आलोय, तपासण्या चालू आहेत, काळजी नसावी.)

जुनी वही:
चाळणी वाईट नाही. चाळणी परीक्षा हा शब्द रुळलेलाच आहे. फक्त तिथेही अर्थ "गाळून टाकणे" असाच बसलाय डोक्यात. खरं तर चाळणीत वर राहिलेलं आपण फेकत नाही, पुन्हा बघतो. स्क्रीनिंगचं काम तेवढंच आहे, कोणाकडे जरा जास्त लक्ष द्यायचं ते कळणं. पण हे सगळं शीर्षकात कसं कोंबणार, आणि वरून "गोळ्यांनी चाळण झाली" हेही मराठीच आहे, हृदयाच्या फॉर्मवर नकोच ते 😄

उगाचच:
मी कित्येक वर्षं पार-क्यू म्हणजे पार लांबलेली रांग समजत होतो. सिरियसली.

फिजिओ तिसरा मजला:
व्यवसायाने फिजिओ आहे म्हणून थोडं लांब लिहिते. मूळ फॉर्म 1970 च्या दशकात कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियात तयार झाला आणि हेतू लोकांना अडवायचा नव्हता, उलट बहुतेकांना डॉक्टरकडे न जाताच व्यायाम सुरू करता यावा आणि ज्यांना खरंच गरज आहे तेवढेच आधी विचारून यावेत असा होता. नावातच रेडिनेस आहे, पात्रता नाही, त्याला मी सज्जता म्हणेन, नाहीतर सरळ तयारी. सात प्रश्नांचा जो कागद बहुतेक ठिकाणी दिसतो तो 1994 ची सुधारित आवृत्ती, 15 ते 69 वयासाठी. आधीच्या आवृत्तीत "डॉक्टरांनी कधी बीपी जास्त आहे असं सांगितलंय का" अशा तऱ्हेचा प्रश्न होता आणि त्यात निष्कारण खूप लोक "हो" मध्ये जायचे, म्हणून तो "बीपी किंवा हृदयासाठी औषध चालू आहे का" असा केला. म्हणजे तिथेही भांडण शब्दांचंच होतं!

आईंचं उत्तर वाचून मात्र मान डोलावली. मूळ इंग्रजीत "व्यायाम" नाहीच्चे, शारीरिक हालचाल आहे. मराठीत "हालचाल" म्हटलं की अंथरुणातल्या पेशंटची हालचाल आठवते म्हणून सगळे भाषांतरकार "व्यायाम" लिहून मोकळे होतात, आणि व्यायाम न करणारा माणूस प्रामाणिकपणे "नाही" लिहितो. ज्याला विचारायचं तोच निसटला.

कानामात्रा:
अगदी हेच. "व्यायाम" शब्द तसा मोठ्या मनाचा आहे, यम् धातूपासून, अंग ताणणं, कष्टवणं वगैरे, पण आज तो ऐकला की बूट, घाम आणि ठरलेली वेळ दिसते. "अंगमेहनत" कसा वाटतो? त्यात जिना, ओझं, भराभर चालणं सगळं येतं.

जुनी वही:
अंगमेहनत म्हटलं की मजुरी वाटते. जिना चढणं कोणी अंगमेहनतीत धरत नाही. मी तर सरळ नावं घेईन, "चालताना, जिना चढताना, ओझं उचलताना". एक शब्द सापडत नसेल तर तीन वापरावेत, त्यात कसला कमीपणा.

आता मूळ मुद्दा, दुखणं. अँजायना, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडून छातीत होणारा त्रास, त्याला आपल्याकडे हृदयशूल म्हणतात, आणि शूल म्हणजे भाला, टोचणारी कळ, पोटशूळ मधला तोच. पण लॅटिनमधला अँजायना मुळात गळा आवळणं, घुसमट या अर्थाचा. विल्यम हेबर्डन या इंग्रज डॉक्टरने 1768 मध्ये या त्रासाचं वर्णन मांडलं, 1772 मध्ये ते छापून आलं, त्यातही चालताना, विशेषतः चढावर चालताना येणारी आवळल्यासारखी जाणीव आणि थांबलं की ती जाणं असंच आहे. म्हणजे शब्द उचलला गुदमरण्याचा आणि आपण मराठी केलं भोसकण्याचं. मग लोक भाला शोधत बसतात छातीत, आणि नाही सापडत.

फिजिओ तिसरा मजला:
वा! हे माहीत नव्हतं. माझ्याकडे येणारी माणसं खरंच "दुखतं" क्वचित म्हणतात. जड होतं, दाबल्यासारखं, आवळल्यासारखं, भरल्यासारखं, कोणी जळजळ म्हणतं, कोणी म्हणतं जबडा ओढतो किंवा डावा हात भरून येतो. मधुमेह असणाऱ्यांत तर छातीत काहीच नाही आणि नुसती धाप, असंही असतं. "दडपण" लिहू नका फक्त, त्याचं उत्तर "हो, उद्या परीक्षा आहे ना" असं येतं.

उगाचच:
आणि "ऊर भरून येणे" तर लग्नात मुलीला निरोप देताना होतं. टिक कुठे करायची मग 😅

रिकामपणची:
माझा अनुभव फॉर्मचा नाही, तोंडी विचारण्याचा आहे. आमच्या ट्रेनरने फॉर्म स्वतःच भरला, मला फक्त वाचून दाखवत होता, "छातीत वगैरे काही त्रास नाही ना? चक्कर नाही ना? गोळ्या नाही ना चालू?" आता या "नाही ना" ला मराठीत उत्तर काय द्यायचं? मी "हो" म्हणाले तर "हो, नाही" असा अर्थ, "नाही" म्हणाले तरी तोच अर्थ. खरंच त्रास असेल तर "नाही, आहे" असं काहीतरी विचित्र बोलावं लागतं, आणि समोरचा घाईत पेन धरून उभा असताना तेवढं धाडस कोण करतो. विचारण्यातच उत्तर घालून ठेवलेलं असतं.

कानामात्रा:
ताई, हे सोन्यासारखं निरीक्षण आहे. "नाही ना" हा प्रश्न नसतोच, ती आपली आशा असते. फॉर्मच्या मागे सूचना टाकतो, प्रश्न जसा आहे तसाच वाचावा, "ना" लावू नये.

चौथा प्रश्न चक्कर आणि तोल जाण्याचा, तिथे कोणी मदत करेल का? चक्कर, घेरी, भोवळ, झीट, अंधारी, गरगरणं. एवढे शब्द आहेत आणि मला एकही पुरत नाही.

फिजिओ तिसरा मजला:
हे सगळे एक नाहीत आणि वेगळे आहेत ते बरंच आहे आमच्यासाठी. गरगरणं म्हणजे खोली फिरते, ते पुष्कळदा कानाच्या आतल्या भागातून येतं. अंधारी म्हणजे पटकन उठलं की डोळ्यांसमोर काळोख, त्यात बहुधा बीपी क्षणभर उतरतं. भोवळ आणि झीट मध्ये माणूस पडायच्या बेतात असतो किंवा पडतोच. चक्कर या सगळ्यांची पिशवी आहे. फॉर्मला हवंय ते तोल जाणं आणि शुद्ध हरपणं, त्यातही जोर लावताना शुद्ध गेली असेल तर ते हसण्यावारी न्यायचं नाही. म्हणून "चक्कर येऊन तोल जातो का, किंवा कधी शुद्ध हरपते का". मूर्च्छा नको, ती नाटकातली वाटते.

बाकी हाडं-सांध्यांचा प्रश्न सोपा आहे, तिथे "संधिवात" लिहू नका म्हणजे झालं, सांधा दुखला की त्याला वात म्हणणारे आहेत आणि डॉक्टरने सांगितल्याशिवाय तो शब्द उच्चारायचा नाही म्हणणारेही आहेत.

जुनी वही:
औषधांच्या प्रश्नात कंसात "वॉटर पिल" असं उदाहरण आहे. पाण्याची गोळी करू नका कृपया, लोकांना पाण्यात टाकून विरघळवायची गोळी वाटेल. लघवी वाढवणारी गोळी, संपलं. आणि "हृदयविकार आहे का" तर अजिबात नको, पेपरात "हृदयविकाराने निधन" वाचून वाचून तो झटक्याचाच समानार्थी झालाय. व्हॉल्व्हचा त्रास असणारा माणूस सरळ "नाही" लिहितो.

फिजिओ तिसरा मजला:
आता एक कडू गोष्ट सांगते. हे सगळं छान चाललंय पण मूळ फॉर्मवरच छापलेलं असतं की झेरॉक्स खुशाल काढा, पण अख्खा वापरा आणि बदल करू नका. कारण तो तपासून बघितलेला असतो, तुम्ही "दुखतं" च्या जागी चार शब्द घातले की "हो" म्हणणारे वाढणार आणि तो वेगळाच फॉर्म होणार. याच फॉर्मची पुढची आवृत्ती पार-क्यू प्लस, तिच्यात निदान "हो" म्हटलं की थेट डॉक्टर नाही, आजारावार पुढची पानं आहेत, आणि तिची मुदत बारा महिने, मधे तब्येत बदलली तर त्याआधीच बाद. अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन या संस्थेने तर 2015 मध्ये जोखमीचे घटक मोजत बसणं सोडलं, आत्ता किती हालचाल करता, काही आजार किंवा लक्षणं आहेत का, आणि किती जोरात करायचंय, एवढ्यावर आधी डॉक्टरांना विचारायचं का ते ठरवतात.

कानामात्रा:
म्हणजे इमानदार भाषांतर केलं तर आईसारखी माणसं निसटणार, आणि त्यांना पकडायला गेलो तर ते भाषांतर राहत नाही. बरोबर ना?

जुनी वही:
भाषांतर मूळ शब्दांचं असतं का अर्थाचं, हे भांडण फॉर्मच्याही आधीचं आहे. इंग्रजीतला "पेन" जेवढी जागा व्यापतो तेवढी आपलं "दुखणं" व्यापत नसेल, तर "दुखतं किंवा जड वाटतं" हेच त्याचं खरं भाषांतर. पण हे तुम्ही एकट्याने ठरवू नका. दुसऱ्या कोणाकडून ते मराठी परत इंग्रजीत करून घ्या आणि मूळ कागदाशेजारी ठेवा.

कानामात्रा:
ठरलं. पार-क्यू हे नाव काढून टाकतोय, त्यांचा म्हणून मिरवायचा नाही. वर फक्त "व्यायामाआधीचे सात प्रश्न", खाली बारीक अक्षरात, "हो आलं म्हणजे नापास नाही, आधी डॉक्टरांशी बोला एवढंच". उलट भाषांतराला दोघांकडे दिलाय. आणि छातीचा प्रश्न आता असा आहे: "चालताना, जिना चढताना, ओझं उचलताना किंवा व्यायाम करताना छातीत दुखतं, जड वाटतं, आवळल्यासारखं किंवा भरल्यासारखं होतं का?"

आईला पुन्हा दिला. तिने चष्मा लावून दोनदा वाचला, "हो" वर टिक केली, आणि म्हणाली, "सात कुठे आहेत हे, या एकातच सोळा आहेत."