मदत हवी आहे : घरामागच्या दरडीतून पाणी झिरपतंय, भिंत कोणती बांधू? (चिपळूण)

पेठमापची_लेक :
लवकर सांगा, गवंडी उद्या सकाळी आठला यायचाय. घरामागच्या दरडीतून पाणी झिरपतंय. चिऱ्याची भिंत घालू की काँक्रीटची? गवंडी म्हणतो पाच फूट चिऱ्याची पुरे. नवरा जहाजावर, फोन लागत नाही. पाऊस तोंडावर आलाय. आणि कृपया पुराबद्दल सांगू नका, आम्ही पुरातूनच वर आलोय.

खाडीकाठचा :
चिपळूण म्हटलं की मूळ दुखणं वाशिष्ठीतला गाळ. 22 जुलै 2021 ला पौर्णिमा दोन दिवसांवर, खाडीला उधाण, वरून कोयनेचं अवजल (वीज बनवून सोडलेलं पाणी). पाणी जाणार कुठे? एसटी आगारातले लोक बसच्या टपावर बसून होते. 2005 नंतरच गाळ काढला असता तर...

पेठमापची_लेक :
अहो, घर डोंगराच्या चढावर आहे! पेठमापचं घर त्याच पुरात गेलं, म्हणून 2022 ला इथे घेतलं.

खाडीकाठचा :
मग निळ्या-लाल पूररेषेच्या बाहेर असाल. नशीबवान आहात.

जांभा_चिरा :
नशीब नंतर बघू. ताई, कापलेल्या दरडीची उंची किती? घरापासून अंतर किती? वर काय आहे, जंगल की घरं?

पेठमापची_लेक :
दरड असते तशी दरड आहे हो. फोटो चढत नाहीये.

वाळावाली :
भिंतबिंत काही नको, वाळा लावा. मुळं खोल जातात, माती धरून ठेवतात. आमच्या संगमेश्वरच्या बांधावर लावलाय, एक ढेकूळ सुटलं नाही.

जांभा_चिरा :
बांध कमरेएवढा असतो. आणि आज लावलेला वाळा या पावसात काय धरणार?

वाळावाली :
तुम्हाला सिमेंटशिवाय काही दिसतच नाही. डोंगर आधी खोदायचे कशाला?

पेठमापची_लेक :
टेप लावून मोजलं. उंची अठरा फूट, जवळजवळ उभीच. किचनच्या भिंतीपासून चार फूट. त्या बोळात वॉशिंग मशीन ठेवलंय.

जांभा_चिरा :
अठरा?! आधी का नाही सांगितलंत? पाच फुटांची चिऱ्याची भिंत अठरा फुटांना काय अडवणार? शिवाय पाणी निघायला भोकं आणि मागे खडीचा थर नसेल तर भिंतीमागे पाणी तुंबतं आणि त्याच दाबाने ती ढकलली जाते. आपल्याकडे वर जांभा कडक दिसतो, पण खाली बहुधा पिवळट-पांढरी मऊ माती असते. ती भिजली की साबणासारखी होते. आधी पाणी वळवा, मग भिंतीचं बघा.

जाळीदगड :
+१, पण काँक्रीटपेक्षा गॅबियन घाला. तारेच्या जाळीत दगड, पाणी आपोआप बाहेर. आमच्या आंबेनळी घाटातल्या कामावर...

जांभा_चिरा :
चार फुटांच्या बोळात गॅबियन? तळाची रुंदीच त्याहून जास्त लागेल.

वास्तुमित्र :
डोंगर घराच्या नैर्ऋत्येला आहे का? तसा असेल तर उत्तम, छेडू नका.

पुण्यातला_कोकणी :
धागाकर्तीला नको असलं तरी सांगतो. भारत गृह रक्षा पॉलिसीत (एप्रिल 2021 पासून) पूर आणि दरड दोन्ही येतात. पण बांधकामातल्या चुकीमुळे झालेलं नुकसान वगळलेलं असतं. कागद वाचून घ्या.

पेठमापची_लेक :
विमा नको हो, भिंत सांगा!!

तांबडी_माती :
मी महाडची. आमच्याकडचं तळिये गाव त्याच 22 जुलैला संध्याकाळी दरडीखाली गेलं. भिंत नंतर, अगं, आधी हे सांग : झिरपणारं पाणी स्वच्छ आहे की गढूळ? दरडीच्या माथ्यावर भेग आहे का? वरची झाडं, विजेचा खांब कललाय का? किचनचं दार अलीकडे घासतंय का? आणि पाणी कधीपासून येतंय?

पेठमापची_लेक :
दार घासत नाही. वर चढून बघितलं, खांब सरळ आहे, पण करवंदीच्या जाळीमागे बोटभर रुंद भेग आहे, चार-पाच पावलं लांब. पाणी आहे बारमाही. मे महिन्यातही कपडे वाळत घालताना पायाखाली चिखल असतो. थोडा वास येतो, मला वाटलं मशीनचं पाणी.

तांबडी_माती :
वास?? वर घर आहे का कुणाचं?

पेठमापची_लेक :
हो, बंगला झालाय दीड वर्षापूर्वी. का?

जांभा_चिरा :
त्यांचा शोषखड्डा (सांडपाणी मुरवायचा) कुठे आहे ते बघून या. आत्ता.

खाडीकाठचा :
अवांतर : तिवरे धरण फुटलं 2019 ला, तेव्हाही गळतीच्या तक्रारी आधीपासून होत्या. पाणी झिरपायला लागलं की दुर्लक्ष करू नये.

जाळीदगड :
पहिल्यांदाच धाग्याला धरून बोललात.

पेठमापची_लेक :
आले बघून. शोषखड्डा भेगेपासून सात-आठ पावलांवर. शिवाय गच्चीवरच्या टाकीचं ओव्हरफ्लो सरळ उतारावर सोडलंय. काकू म्हणाल्या, "पाणी काय, मुरतं की!"

जांभा_चिरा :
तेच तुमच्या किचनमागे मुरतंय. गवंड्याला भिंतीऐवजी उद्या भेगेच्या वरच्या अंगाला चर मारायला सांगा, पावसाचं पाणी बाजूच्या पऱ्यात (ओढ्यात) जाईल असा. भेग चिकणमातीने बुजवून वर ताडपत्री. टाकीचा पाइप काकूंनी आजच वळवावा, शोषखड्डा हलवायलाच हवा. पायथ्याची माती अजिबात खणू नका, भिंतीचा पाया काढायलासुद्धा. भिंतीचं डिझाइन मातीचं काम कळणाऱ्या इंजिनिअरकडूनच.

तांबडी_माती :
आणि तहसीलदारांना लेखी अर्ज दे, पोच घे. जिल्हा नियंत्रण कक्ष 1077. मुसळधार पावसाच्या रात्री मागच्या खोलीत कुणी झोपायचं नाही. पाणी अचानक गढूळ झालं किंवा एकदम थांबलं, तर वाट बघू नको, बाहेर पड. माळीण गाव 30 जुलै 2014 ला सकाळी असंच दरडीखाली गेलं, लोक घरात होते.

वाळावाली :
चराच्या कडेने तरी वाळा लावा.

जांभा_चिरा :
तिथे लावा. सहमत.

पेठमापची_लेक :
सासूबाईंना पुढच्या खोलीत हलवलंय. त्या विचारतायत, पेठमापात निदान पाणी येताना दिसायचं, इथे काय दिसणार. मशीन पडवीत आणलं. काकू पाइपचं बघते म्हणाल्या, शोषखड्ड्याचं नाव काढल्यावर दार लावून घेतलं. अर्जाचा मसुदा कुणी देईल का?

पुण्यातला_कोकणी :
देतो रात्री.

वास्तुमित्र :
त्या गवंड्याचा नंबर व्यनि (खासगी निरोप) कराल का? माझ्या गडग्याचं काम आहे.