आत्मकथन वाचताना अडणारे इंग्रजी शब्द लक्षात कसे राहतील?

प्रश्न : वाचक, सातारा

माझे शिक्षण मराठी माध्यमातून झाले असून सध्या मी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे 'वेटिंग फॉर अ व्हिसा' हे छोटेखानी आत्मकथन मूळ इंग्रजीतून वाचत आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी बाबासाहेबांचे नाव ज्या शाळेत दाखल झाले, तिच्यावरून माझी रोजची ये-जा असल्यामुळे हे लेखन त्यांच्याच शब्दांत वाचावे, अशी मला ओढ आहे. मात्र अडलेला प्रत्येक शब्द मी वहीत अर्थासह उतरवते आणि चार दिवसांनी तोच शब्द समोर आला, तर अर्थ आठवत नाही. वहीत दोनशेवर शब्द जमले, परंतु त्यांतला एकही माझ्या लिहिण्यात उतरलेला नाही. मसूरच्या स्टेशनमास्तरांच्या प्रसंगात 'रिपल्शन' हा शब्द आहे. कोशात त्याचा अर्थ 'प्रतिकर्षण' असा मिळाला, पण तो त्या वाक्यात बसेना.

उत्तर : निवृत्त इंग्रजी शिक्षक, सांगली

तो तिथे बसला नाही हे तुम्हाला जाणवले, याचाच मला आनंद झाला. 'प्रतिकर्षण' हा चुंबकाच्या धड्यातला अर्थ आहे. १९०१ साली वडिलांकडे गोरेगावला निघालेली ती नीटनेटक्या कपड्यांतली मुले मसूरच्या फलाटावर उभी आहेत, आपुलकीने चौकशी करणाऱ्या स्टेशनमास्तरांना त्यांची जात कळते आणि क्षणात त्यांचा चेहरा पालटतो. त्या चेहऱ्यावरची शिसारी म्हणजे 'रिपल्शन'. वहीत अर्थ लिहू नका, ते संपूर्ण वाक्य लिहा. शब्दाबरोबर तो चेहराही आठवेल. त्याखाली शब्दाची भावंडे मांडा. लॅटिनमध्ये ढकलणे या अर्थाचा जो धातू आहे, त्यातूनच 'रिपेल' म्हणजे परतवून लावणे, 'एक्स्पेल' म्हणजे हाकलून देणे आणि 'कम्पेल' म्हणजे भाग पाडणे हे शब्द आले आहेत. एक शब्द पक्का झाला की हे तिन्ही फारसे कष्ट न घेता लक्षात राहतात.

उत्तर : वाचक, कराड

सरांचे म्हणणे मला पटते, परंतु प्रत्येक शब्दाला एवढा वेळ देऊ नये. आधी पूर्ण प्रकरण न थांबता वाचावे, पेन्सिलीने फक्त खुणा कराव्यात आणि ज्याच्यावाचून वाक्य अडते तेवढाच शब्द पाहावा. शिवाय जुन्या लेखनातले काही शब्द केवळ ओळखता आले, तरी पुरते. शाळेत बसायला नेण्याच्या तरटासाठी त्यांनी 'गनी' हा शब्द वापरला आहे आणि तो आपल्या 'गोणी'वरूनच इंग्रजीत गेलेला आहे. दुष्काळी कामावर खोदायचा 'टँक' म्हणजे टाकी नव्हे, तलाव. हे दोन्ही समजून घ्या आणि पुढे चला; 'फॅमिन-स्ट्रिकन' म्हणजे दुष्काळग्रस्त हा शब्द मात्र वापरात आणा, कारण 'पॅनिक-स्ट्रिकन', 'ग्रीफ-स्ट्रिकन' असे त्याच घडणीचे शब्द आजच्या वर्तमानपत्रांतही भेटतात.

प्रश्नकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. काल रात्री जुनी वही बाजूला ठेवली आणि नव्या वहीच्या पहिल्या पानावर स्टेशनमास्तरांचे ते वाक्य उतरवून काढले. सर, 'रिपल्शन' आणि 'डिस्गस्ट' यांतला फरक मी त्याच प्रसंगावरून पाच ओळींत लिहून पाहिला आहे. तो इथे टाकला तर आपण तपासून द्याल का?

उत्तर : निवृत्त इंग्रजी शिक्षक, सांगली

अवश्य टाका. शक्य झाल्यास 'कम्पेल'चेही एक वाक्य जोडा. ते पुस्तकातले नको, स्वतःच्या दिवसातले असू द्या.