वाड्याच्या सागवानी खिडक्या बदलाव्यात का?

अंबाजोगाईहून: आजोबांच्या वाड्यातल्या खिडक्यांच्या झडपा पावसाळ्यात फुगून अडकायल्यात. एका चौकटीचं खालचं टोक कुजलंय. घरचे म्हणतात, ॲल्युमिनियमच्या बसवा. माझं मन होत नाही.

लातूरहून: दादा, बदलू नका! असं जुनं सागवान आता कुठं मिळतंय? मी सुतारकाम करतो. आत्ता रंधा मारू नका, लाकूड ओल धरून आहे. उन्हाळ्यात आकसलं की फटी पडतील. दिवाळीनंतर बघा. कुजलेलं तेवढंच कापून सागाचाच तुकडा सांधा, रेषा जुळवून. नुसती लांबी (पुट्टी) भरली तर मागं पाणी मुरत राहतं.

नांदेडहून: जुना रंग कोरडा घासू नका, त्यात शिसं असू शकतं. लेकरं लांब ठेवा.

अंबाजोगाईहून: जवसाचं तेल चालेल?

लातूरहून: चालेल, पातळ हात द्या. तेलाच्या चिंध्या मात्र गोळा करून ठेवू नका, आपोआप पेटतात, पाण्यात बुडवा.